उन्हाळा लागला की जहाजावरील सुताराच्या खोलीतील हत्यारे का गंजतात?

युरोपातील नॉर्थ सीच्या (उत्तर समुद्राच्या) काठच्या एका गोदीत तरंगत असलेल्या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर मी देखभालीचे सुतारकाम करतो. तिच्या ऑरलॉप डेकवर, म्हणजे तळघराच्या लगेच वर, जिथे उभे राहिले असता बाहेरचे पाणी साधारण आपल्या खांद्याच्या उंचीवर असते, तिथे सुताराची काम करण्याची खोली आम्ही पर्यटकांना पाहता यावी म्हणून पूर्ववत मांडली. बाक, रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिटे, मोगऱ्या, राळेचे भांडे असे सगळे जागच्या जागी ठेवले. हिवाळाभर काही झाले नाही. एप्रिलच्या अखेरीस चार उबदार दिवस आले आणि पाचव्या दिवशी सकाळी सर्व पात्यांवर मोहरीएवढे नारिंगी ठिपके दिसले. बाकामागच्या फळ्यांवर पिठासारखी बुरशी धरली होती आणि खोलीत कुबट वास भरला होता. हत्यारे घासली, तेल लावले, फळ्या पुसल्या. पुढच्या वर्षी जवळजवळ त्याच आठवड्यात हेच घडले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

या तीन वर्षांत आम्ही जे उपाय केले, त्यांना ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ एवढेच म्हणता येईल. पहिल्या वर्षी वरचा डेक गळतो असे समजून त्याचे सांधे नव्याने भरले. दुसऱ्या वर्षी खोली सुकवण्यासाठी गॅसची शेगडी लावली. तिसऱ्या वर्षी, ‘हवा खेळती ठेवा’ हा सर्वमान्य सल्ला मानून पहिल्याच उन्हाच्या दिवशी सगळ्या झडपा उघडल्या, आणि त्या वर्षी गंज सर्वांत वाईट आला. जुन्या लाकडी जहाजावर, किंवा समुद्राकाठच्या एखाद्या छोट्या संग्रहालयात, हत्यारांची खोली सांभाळणाऱ्या कोणाला अशीच वर्षाकाठी परत येणारी ओल छळत असेल, तर त्याने आमच्यासारखी तीन वर्षे घालवू नयेत म्हणून तपासाची रीत सविस्तर लिहीत आहे.

पाणी कुठून येते ते आधी ठरवावे

अशा खोलीत ओल येण्याच्या वाटा तीनच असतात: वरच्या डेकमधून झिरपणारे पावसाचे पाणी, तळाकडून किंवा बाहेरच्या फळ्यांमधून येणारे पाणी, आणि हवेतील बाष्प. तिन्हींची खूण शेवटी सारखीच दिसते, म्हणून डोळ्यांनी निदान करू नये. सर्वांत स्वस्त चाचणी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची आहे. जहाजाच्या आतल्या फळीवर वीतभर लांबी-रुंदीचा फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या पाठीमागे, लाकडाच्या बाजूने, पाणी आढळले तर ओल लाकडातून येत आहे. खोलीच्या बाजूने, वरच्या पृष्ठावर, दव साचले असेल तर ती हवेतून येत आहे. आमच्याकडे सहा ठिकाणी लावलेल्या सहाही तुकड्यांच्या पाठी कोरड्या होत्या आणि वरची बाजू मात्र बोट फिरवल्यावर ओली लागत होती. एवढे आम्ही पहिल्याच वर्षी केले असते, तर डेकचे सांधे भरण्याचा खर्च निदान त्या वर्षापुरता वाचला असता.

लाकडातील ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र येथे जपून वापरावे. ते लाकडाची विद्युतवाहकता मोजते आणि समुद्रावर आयुष्य काढलेल्या लाकडात मीठ मुरलेले असल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा बराच मोठा दाखवते. लाकडाला कुज लागण्यासाठी साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो हे खरे, परंतु खारावलेल्या फळीवर यंत्राने २५ दाखवले म्हणून फळी कुजत आहे असे ठरत नाही. एकाच जागी महिनोन्‌महिने घेतलेल्या नोंदींतील चढउतार पाहावा, सुटा आकडा पाहू नये.

त्यानंतर तापमान आणि सापेक्ष आर्द्रता यांची सतत नोंद ठेवणारे तीन लहान डेटा लॉगर घ्यावेत. एक खोलीच्या मध्यभागी, एक बाकाच्या मागे जहाजाच्या फळीला लागून आणि एक बाहेर, पावसापासून आडोशाला टांगावा. लॉगर खरे सांगतात की नाही हे तपासण्याची सोपी युक्ती आहे: वाटीत मीठ घेऊन त्यात ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, ती वाटी आणि लॉगर एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावे, सकाळी आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास असला पाहिजे. या नोंदींशेजारी वहीत रोजचा पाऊस, पर्यटकांची संख्या आणि झडपा केव्हा उघडल्या व बंद केल्या हे लिहीत जावे. आर्द्रतेची शिखरे पावसानंतर एक-दोन दिवसांनी येत असतील तर डेक तपासावा. पर्यटकांबरोबर चढत-उतरत असतील तर कारण माणसांचा श्वास. आणि दोन्हींशी संबंध न ठेवता रात्रंदिवस सारखीच उंच राहत असतील तर तळात साचलेले पाणी पाहावे.

उन्हाच्या दिवशी गंज का येतो

आमच्या वहीतून जे निघाले ते आधी कोणालाच पटेना. तरंगत्या जहाजाची जलरेषेखालची भिंत बाहेरच्या पाण्याच्या तापमानाला बांधलेली असते आणि समुद्र हवेच्या मागे कित्येक आठवडे रेंगाळतो. मेच्या आरंभी बाहेर हवा १८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर माणसाला तो दिवस कोरडा आणि आल्हाददायक वाटतो. पण त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे ११ अंश असतो. बाकामागची फळी त्या वेळी ९ अंशांवर असते. झडपा उघडल्या की ही हवा खाली उतरते, थंड फळीला आणि तितक्याच थंड पोलादाला लागते आणि आपले पाणी तेथे सोडून देते. हिवाळ्यात नेमके उलट घडते. बाहेर ४ अंश तापमान, ९० टक्के आर्द्रता आणि धुके असे नकोसे वाटणारे हवामान असले, तरी तीच हवा आत येऊन १० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या घरात उतरते. म्हणजे आम्ही धुक्यात झडपा लावून घेत होतो आणि उन्हात उघडत होतो, आणि दोन्ही वेळा चुकत होतो.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायला नको. पाऊस उघडल्यावर पडलेल्या पहिल्या उन्हात ओटीवरची थंड फरशी कशी पाझरते हे आपण पाहिलेले असते; पण इथे बोचऱ्या थंडीत वावरताना ते मला आठवले नाही, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून नियम असा ठेवावा की झडपा हवामान पाहून नव्हे, तर दवबिंदू पाहून उघडाव्यात. बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्या सर्वांत थंड पृष्ठभागाच्या तापमानापेक्षा निदान दोन अंश कमी असेल, तरच उघडाव्यात. नसेल तर दिवस कितीही सुंदर असो, बंद ठेवाव्यात. तापमान आणि आर्द्रता यांवरून दवबिंदू देणारा तक्ता छापून आम्ही जिन्याच्या तोंडाशी टांगला आहे आणि पृष्ठभागाचे तापमान घेण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर त्याच खिळ्याला अडकवला आहे. वसंतातील पाच-सहा आठवडे हा नियम काटेकोर पाळला, की वर्षभराच्या गंजाचा बहुतेक भाग टळतो.

पर्यटकांचा श्वास

दुसरे कारण लहान नाही. आमची खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि जेमतेम १.७ मीटर उंच आहे, म्हणजे सुमारे २० घनमीटर हवा. १० अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प धरू शकते, म्हणून संपूर्ण खोलीची क्षमता १९० ग्रॅमच्या आत-बाहेर येते, आणि त्यातील दोन तृतीयांश आधीच भरलेली असते. शांत उभा असलेला माणूस तासाला सुमारे ५० ग्रॅम पाणी श्वासातून आणि त्वचेतून सोडतो. बारा जणांची एक तुकडी पंधरा मिनिटे थांबली तर दीडशे ग्रॅम होतात. अंगावर भिजलेले कोट असतील तर त्याहून जास्त. तुकडीचे शेवटचे मूल जिना चढेपर्यंत पटाशीच्या पात्यावर धुके धरलेले मी स्वतः पाहिले आहे. काही मिनिटांत ते विरते, ठिपका मात्र मागे राहतो.

मोठ्या संग्रहालयांनाही हा धडा मिळालेला आहे. स्टॉकहोममधील वासा हे जहाज १६२८ मध्ये बुडाले, १९६१ मध्ये वर काढले गेले आणि नंतर कित्येक वर्षे त्याच्या लाकडात रसायने मुरवली गेली. तरीही २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यात भिजलेल्या पर्यटकांची गर्दी झाली, इमारतीतील आर्द्रता वाढली आणि लाकडावर आम्लयुक्त क्षारांचे डाग ठिकठिकाणी उमटले. त्यानंतर तेथील हवा नियंत्रणाची यंत्रणाच बदलावी लागली. आपल्याकडे तसा पैसा नसतो, पण तुकडी बारावरून सहावर आणता येते, मार्गदर्शकाचे लांबलचक निवेदन वरच्या डेकवर हलवता येते आणि ओले कोट जिन्याच्या वर टांगून ठेवता येतात. आम्ही तिन्ही केले. पंधरा मिनिटांच्या निवेदनाची पाच मिनिटे झाल्याचे दुःख फक्त मार्गदर्शकांना झाले.

सुताराची वाट

येथे थोडे जुन्या रचनेकडे वळतो, कारण खरा दोष आमच्याच मांडणीत होता. मोठ्या युद्धनौकांच्या ऑरलॉप डेकवर कोठारे आणि जहाजाची भिंत यांच्यामध्ये माणूस चालू शकेल एवढी मोकळी वाट मुद्दाम ठेवलेली असे. तिला सुताराची वाट म्हणत. लढाईत जलरेषेशी तोफगोळ्याचे भोक पडले तर सुताराने धावत जाऊन ते लाकडी गुट्ट्याने आतून बुजवायचे, म्हणून तिथे काहीही रचून ठेवण्याची मनाई असे. त्या वाटेमुळे थंड भिंतीवरून हवाही वाहत राही. आम्ही खोली मांडताना पर्यटकांना जास्त जागा मिळावी म्हणून बाक आणि हत्यारे अडकवण्याचे खाचांचे फळे थेट भिंतीला टेकवले होते, आणि त्यांच्यामागे तळहातभर रुंदीची, कोंडलेली, खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड अशी पोकळी तयार झाली होती. मागचा लॉगर तिथे आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांवर थांबलेला होता, तर मध्यभागीचा ६५ दाखवत होता. बुरशीला ७० ते ७५ टक्क्यांच्या वर काही काळ मिळाला की तेवढे पुरते.

बाक पुढे ओढून भिंतीपासून पाऊण मीटर जागा सोडली, हत्यारांच्या फळ्यांच्या खाली आणि वर चार बोटे फट ठेवली आणि एका टोकाला संगणकात असतो तसा छोटा, आवाज न करणारा पंखा बसवला. पंधरा दिवसांत मागच्या आणि पुढच्या आकड्यांतला फरक पाच टक्क्यांवर आला. पर्यटकांची जागा कमी झाली, परंतु आता त्यांना ती वाट दाखवून तिचे कारण सांगता येते, आणि लहान मुलांना बाकापेक्षा तीच अधिक आवडते.

ओकचा फळा आणि सागाचा बाक

एवढे करूनही काही पाती गंजतच राहिली, आणि तीही एका विशिष्ट रीतीने. एक रुंद पटाशी हातात घेऊन खिडकीशी नेली तेव्हा दिसले की गंज पात्यावर पसरलेला नाही. फळ्याच्या खाचेत जिथे पाते टेकते, तिथे सुतासारखी सरळ तपकिरी रेघ उमटली आहे, आणि फळ्याच्या खाचेतही तिच्या जोडीची निळसर काळी रेघ आहे. बाकावर पडून असलेल्या तशाच पटाशीला काही झाले नव्हते. फळा आम्ही नव्या ओक लाकडाचा केला होता आणि बाक जुन्या सागाचा होता.

ओक लाकूड ॲसिटिक आम्लाची वाफ सोडत राहते, नवे असताना जास्त. बंद कपाटात ठेवलेले शिसे आणि पोलाद त्यामुळे खराब होते. शिवाय त्यात टॅनिन भरपूर असते आणि ओलाव्यात लोखंडाशी त्याचा संयोग झाला की जुन्या शाईसारखा निळा-काळा रंग तयार होतो. हा डाग म्हणजे फुकट मिळालेले तपासणीयंत्रच आहे: ओकमध्ये ठोकलेल्या खिळ्याभोवती काळे वलय दिसले, तर तिथे पाणी पोहोचले आहे असे निश्चित समजावे. साग तेलकट असतो, पाणी कमी धरतो आणि त्यात लोखंड ओकच्या मानाने पुष्कळ टिकते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या हाताखाली मलबारी सागात बांधलेली त्रिंकोमाली ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडली गेली आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे, यामागे देखभालीइतकेच त्या लाकडाचेही श्रेय आहे.

फळा बदलणे शक्य असेल तर बदलावा. आमच्या जहाजाच्या काळाला ओकच शोभत असल्यामुळे तो ठेवला, पण प्रत्येक खाचेत पारदर्शक पॉलिएस्टरची पट्टी घातली, जेणेकरून पोलाद लाकडाला कुठेही टेकणार नाही, आणि पात्यांना संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ चोपडले. पट्टी दोन फुटांवरून दिसत नाही.

जे करू नये

गॅसची शेगडी लावू नये. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. लाकडी जहाजावरील आगीचा धोका तर वेगळाच. बुरशी पुसण्यासाठी ब्लीच वापरू नये, कारण त्यातील क्लोराइड मागे राहून शेजारच्या पोलादाला गंजवतात. एन-९५ मास्क लावून बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने बुरशी ओढून घ्यावी आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ठिणगी आणि ज्योत दूर ठेवून, पुसावे. हत्यारांच्या लाकडी मुठींना कच्चे जवसाचे तेल सढळ हाताने चोपडू नये. दमट खोलीत बुरशी त्यावर पोसते. जहाजाच्या आतल्या फळ्यांना पॉलियुरेथेनचे चकचकीत वॉर्निश तर मुळीच देऊ नये, कारण बाहेरून मुरणारे पाणी मग आत कोंडते आणि कुज दिसू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

डीह्युमिडिफायरविषयी लोक आवर्जून विचारतात. साधे, गार कॉइलवर पाणी जमवणारे यंत्र १० अंशांखाली फारसे काम करत नाही, त्यावर बर्फ धरतो. थंड जहाजावर शोषक चकतीचे, म्हणजे डेसिकंट प्रकारचे यंत्र घ्यावे लागते. ते घेतले तरी ५५ टक्क्यांवर थांबेल असे लावावे. ब्रिस्टलच्या एसएस ग्रेट ब्रिटन या जहाजाचा तळ सुमारे २० टक्के आर्द्रतेत ठेवतात, पण ते लोखंडी जहाज कोरड्या गोदीत उभे आहे. लाकडी जहाजावर असे केले तर फळ्या आक्रसतील, सांधे उघडतील आणि ज्या गळतीचा आपण आधी खोटा संशय घेतला ती खरी होऊन बसेल.

डेक खरोखरच गळत असेल तर

हे प्रकरण थोडक्यात आटोपतो. डेकमधून आलेले पाणी तुळईच्या कडेने वाहत जाऊन भलतीकडे थेंबते, म्हणून थेंबाच्या बरोबर वर भोक शोधू नये. वरून अर्धा-अर्धा मीटर पट्टा घेऊन, उताराच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून, प्रत्येक पट्ट्यावर पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि खाली एकाने दिवा घेऊन बसावे. दोष सापडला की सांध्यातील जुनी राळ आणि पिंजलेल्या दोराचे डांबरी तंतू पूर्ण काढून, लाकूड सुकवून, मगच नवे ठोसावेत. जुन्यावर नवी राळ ओतली तर ती पुढच्या उन्हात सुटते. पावसाच्या गोड्या पाण्याची गळती खाऱ्यापेक्षा अधिक घातक मानावी, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मिठाचा जाच होतो आणि पावसाच्या पाण्याचा होत नाही. पोर्ट्‌समथला १९२२ पासून कोरड्या गोदीत उभ्या असलेल्या व्हिक्टरी या जुन्या युद्धनौकेच्या फळ्या पावसाच्या पाण्याने आणि किडीने इतक्या पोखरल्या की २०२२ मध्ये तिची मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली. डेक नियमितपणे समुद्राच्या पाण्याने धुण्याची जुन्या खलाशांची रीत त्यामुळेच शहाणपणाची होती: फळ्या फुगलेल्या राहत आणि मीठ मुरत राही.

या सगळ्यानंतरचे दोन वसंत निभावले आहेत. एकच हत्यार अजून गंजते, आणि ते आम्ही गंजू देतो. पर्यटकांना हातात घेता यावा म्हणून एक साधा, मोल नसलेला रंधा बाकाच्या कोपऱ्यावर साखळीला बांधून ठेवला आहे. बोटांच्या घामातील मिठामुळे त्याच्या पात्यावर दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या अंगठ्याचा ठसा तपकिरी रंगात उमटतो. सोमवारी जहाज बंद असते, तेव्हा तो पोलादी लोकरीने घासून, मेण लावून पुन्हा ठेवतो.